परतीचे दाणे

उजव्या बाजूला चार होते, डाव्या बाजूला तीन.

करड्या पडद्यावर ते काळ्या मण्यांसारखे दिसत होते, कडा जराशा धुरकट. डॉ. तारळेकर प्रत्येक मण्यावर बाणाचं टोक नेत, क्षणभर थांबत आणि पुढे जात. मी टेबलावर आडवी, पोटावर गार चिकट जेल, दोन बाटल्या पाणी पिऊन लघवीला आलेली, आणि तरी मान वळवून त्यांच्याबरोबर मनात मोजत होते. मोजायची मला सवय होती. एम.एस्सी.ला मी पंचगंगेतल्या माशांच्या गाबोळीवर काम केलं होतं. एका ग्रॅममध्ये अंडी किती, त्यावरून सबंध माशात किती. तिथे आकडे हजारांत असायचे.

सातावर येऊन मॅडम थांबल्या. मग त्यांनी पुन्हा उजवीकडून सुरुवात केली. पुन्हा सातच.

"शर्वरी, वय किती म्हणालीस?"

"चोवीस."

"पूर्ण?"

"श्रावणात पंचविसावं लागेल."

कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेली ताई पुढे सरकली. "कमी आहेत का, मॅडम?"

"या वयाला पंधरा-वीस तरी दिसायला हवेत." मॅडमनी मला पोट पुसायला कागद दिला. "आधी जाऊन ये. मग बोलू."

मी जाऊन आले. टेबलावर माझ्या रक्ताचा रिपोर्टही होता. मॅडमनी तो माझ्याकडे सरकवला नाही, नुसता त्यावर पेन ठेवला.

"विनया, तुझी पाळी कितव्या वर्षी गेली?"

"एकोणतिसाव्या," ताई म्हणाली. हे त्यांना माहीत होतं. त्यासाठीच आम्ही तिथे आलो होतो.

"आणि आईची?"

ताईने माझ्याकडे बघितलं. "लवकरच. आम्ही दोघी शाळेत होतो. आई म्हणायची, सुटले बाई एकदाची."

"म्हणजे घरातच आहे," मॅडम म्हणाल्या.

"मग मी ताईला अंडी देऊ शकत नाही?" मी विचारलं.

"देऊ शकतेस. आणि दिल्याने तुझी कमी होत नाहीत, हेही नीट समजून घे. दर महिन्याला काही अंडी वाढायला लागतात, त्यातलं एक मोठं होतं, बाकीची विरून जातात. आपण इंजेक्शनं देतो ती त्या विरणाऱ्यांना वाढवायला. त्या महिन्याची ती तशीही गेलीच असती." त्यांनी पेन उचललं. "पण तुझ्याकडे महिने कमी आहेत. चार वर्षं असतील, सहा असतील. मला सांगता यायचं नाही. तू माझी मुलगी असतीस तर मी म्हटलं असतं, आधी स्वतःची ठेव."

"ठेव म्हणजे?"

"गोठवून ठेव. लग्न होईल तेव्हा होईल, ती तोवर चोवीस वर्षांचीच राहतील."

मग ताई म्हणाली, "मॅडम, याच खेपेतली थोडी ठेवता नाही का येणार? थोडी माझ्यासाठी, थोडी हिची."

"येतील की. किती कुणाची ते तुम्ही बहिणी ठरवा आणि निकिताला सांगा. लॅब तिच्या हातात आहे. पण ठरवा मात्र. त्या दिवशी धावपळ असते."

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा याबद्दलचा कायदा यायचा होता. बहिणीने बहिणीला दिलं तर कोल्हापुरातल्या त्या क्लिनिकमध्ये कुणी हरकत घेत नसे. अनोळखी बाईचं अंडं मिळत होतं, पण ताईच्या सासूबाईंनी सांगितलं होतं की घरातलं असेल तर बघा, नाहीतर तुम्ही दोघं सुखात राहा, मला नातवंडाची घाई नाही. त्या मनापासून बोलल्या होत्या. ताईला मात्र सुखात राहायचं नव्हतं, तिला मूल हवं होतं. तिने आईला फोन केला, आईने बाबांना विचारलं, बाबांनी पेपरमधून डोकं न काढता मान हलवली आणि मी तासगावहून बॅग घेऊन आले.

क्लिनिकच्या खाली रसवंती होती. ताईने दोन ग्लास सांगितले.

"घाबरलीस?" तिने विचारलं.

"नाही. आकडेमोड करत होते."

"कसली, गाबोळीची?"

"माझीच आता."

दोघीही हसलो. मग तिने माझा हात टेबलावर धरला. तिचा हात ग्लासामुळे ओला होता.

"शरू, तुला उपाशी ठेवून मी जेवणार नाही. परतीचे दाणे तुझे. आधी तुझे काढू, मग आमचं."

परतीचे दाणे हा आमच्या घरातला शब्द. ओटी भरली की ओटीतले थोडे तांदूळ भरणारीच्या ताटात परत टाकायचे असतात. सगळं उचलून न्यायचं नसतं, देणारीचं घर रिकामं होतं, असं आई म्हणायची. लहानपणी एका नवरात्रात कुमारिका म्हणून शेजारच्या घरी बोलावलं होतं, तेव्हा मी चांगले मूठभर तांदूळ परत टाकले होते. सगळ्या बायका हसल्या. "चिमूट गं, मूठ नव्हे," आई म्हणाली होती. ताई ही गोष्ट घरी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

"किती?" मी विचारलं.

"काय किती?"

"परतीचे."

"अगं, येऊ तर देत आधी. मी काय तुझं बुडवणार आहे?"

"तसं नाही. विचारलं आपलं."

"रस पी. बर्फ विरघळला."

मी मनात तीन धरले. सातातलं एखादं मागे राहील, सहा येतील, निम्मे तीन. प्रयोगशाळेत मी आकडा आणि एकक यांपैकी एक नसलेली नोंद कधी मान्य केली नव्हती. तिथे बाकड्यावर मी आकड्याशिवायचं एकक घेतलं आणि रस प्यायले.

संध्याकाळी आईचा फोन आला.

"तिकडे राहिलीस ते लोकांना काय सांगू? परवाच पलूसचं स्थळ विचारत होतं."

"कॉम्प्युटरचा कोर्स करतेय म्हणून सांग."

"आणि ते सात की काय ते कुणाजवळ बोलू नकोस."

"आई, मॅडम म्हणतात माझीपण ठेवायला हवीत. या वेळी कमी पडली तर लग्नाआधी परत एकदा करू या का? फक्त माझ्यासाठी?"

"वेड लागलंय का तुला? बहिणीसाठी म्हणून बाबा हो म्हणाले. तू स्वतःसाठी पोटात सुया टोचून घेतेस म्हटल्यावर काय म्हणतील ते? आधी लग्न कर. बाकी होतंय सगळं आपोआप."

म्हणजे खेप ही एकच होती. हे मला त्या फोनवर कळलं, आणि ताई शेजारी भाजी निवडत असल्यामुळे तिलाही.

इंजेक्शनं मी माझी मीच घ्यायचे. संध्याकाळी फ्रीजमधून औषधाचं पेन काढायचं, बेंबीच्या बाजूला चामडी चिमटीत धरायची, टोचायचं, दहापर्यंत मोजायचं. ताईच्या सासूबाई, ज्यांना मी मावशी म्हणायचे, समोर सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेल्या असत. पहिल्या दिवशी त्यांनी डोळे मिटले होते. नंतर चष्मा पुसून बघायला लागल्या.

"दुखतं का गं?"

"मुंगी चावल्यासारखं वाटतं."

"मुंगी रोज एकाच माणसाला शोधून चावत नाही," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "एक विचारू? मूल कुणासारखं होईल?"

"निम्मं दाजींसारखं."

"ते झालं. उरलेलं निम्मं?"

"आमच्या घरावर जाईल. माझ्यावर, ताईवर."

त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे निरखून पाहिलं, बाजारात वांगं बघतात तसं. "रंग चालेल. नाक तेवढं तुझं नको."

स्वयंपाकघरातून ताईचं हसू ऐकू आलं. "माझंही तेच नाक आहे की."

"तुझं बघायच्या कार्यक्रमात नीट दिसलंच नाही. आणि लग्नात नथ मोठी होती."

मीही हसले. हसताना पोट ताणलं जायचं. त्या दिवसांत ओटीपोटात कुणीतरी भिजवलेले हरभरे भरल्यासारखं वाटत असे. मी जिना चढताना एक हात पोटावर धरायचे आणि मावशी खालून "सावकाश" म्हणायच्या, तेव्हा क्षणभर कुणीही म्हणालं असतं की त्या घरात दिवस गेलेली बाई मी आहे. दाजी मात्र माझ्याशी बोलताना माझ्या कानामागे कुठेतरी बघत. त्यांनी मला रोज एक शहाळं आणून दिलं, आणि रोज ते माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवलं.

"हे एवढे तांदूळ कशासाठी?" मी मावशींना विचारलं.

"तुझ्या ओटीला. एवढं देतेस ते, तुझी ओटी नको भरायला? कुमारिकेला आमच्यात नारळ नाही ठेवत, सुपारीवर भरतात. पण भरतात."

"आणि निवडताय काय इतकं? खडे तर दिसत नाहीत."

"तुकडे काढतेय. ओटीला तुकडा चालत नाही, अख्खा दाणा लागतो. तुकडा रुजत नाही."

"मावशी, टरफल काढून सडलेला तांदूळ आहे हा. यातला कुठलाच दाणा रुजायचा नाही."

"शिकलेल्या पोरींशी बोलायची सोय नाही," त्या ताईला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या.

"मग तुकड्यांचं काय करता?"

"कण्या शिजवायच्या. घरात खायला काय होतंय. दुसऱ्याच्या ओटीत घालायच्या नसतात, एवढंच."

शेवटच्या तपासणीत सहा मणी वाढलेले दिसले. सातवा तसाच बारीक राहिला होता. माझा अंदाज बरोबर निघाल्याचा मला आनंद झाला, आणि त्या आनंदातच मी गच्चीवर कपडे काढत असलेल्या ताईला गाठलं.

"सहा आहेत. तीन-तीन?"

ताईने दाजींचा शर्ट झटकला, घडी घातली, पुन्हा उलगडून परत घातली. "निकिता सांगेल ना काय करायचं ते. आपल्याला काय कळतं त्यातलं?"

"मला कळतं."

"हो बाई. तुला कळतं." तिने घडी केलेले कपडे माझ्या हातांवर रचले. "जड उचलू नकोस हं," असं म्हणाली आणि रचतच राहिली.

ज्या दिवशी अंडी काढायची होती त्या दिवशी सकाळी मला झोपवलं आणि मी जागी झाले तेव्हा खिडकीतलं ऊन पलंगाच्या पायथ्याशी आलं होतं. तोंड कोरडं पडलं होतं. पोटात बोथट कळ होती, पण दूर कुठेतरी, शेजारच्या घरात असावी तशी. ताई उशाशी बसली होती.

"किती?" मी विचारलं.

"सहा."

"सगळी?"

"सगळी आली."

"परतीचे?"

तिने माझ्या कपाळावरचे केस मागे सारले. "दोन ठेवलेत तुझे."

"दोन?"

"रागावलीस?"

मी तीन धरले होते. पण तीन मी धरले होते, तिने म्हटले नव्हते. ज्या बाईकडे एकही नव्हतं तिने सहातली दोन परत ठेवली, म्हणजे एक तृतीयांश. चिमूट नव्हे, जवळजवळ मूठच. "नाही गं," मी म्हणाले. "दोन म्हणजे दोन." तेव्हा ती रडायला लागली आणि सलाइन नसलेल्या हाताने मीच तिची पाठ थोपटली.

दुपारी निकिता खोलीत डोकावली. हिरवी टोपी, तोंडावरची पट्टी हनुवटीखाली ओढलेली, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल.

"तुम्ही झूलॉजीच्या ना? मॅडम म्हणाल्या, गाबोळी मोजायच्या. बघायचीत तुमची?"

ताई म्हणाली, "तिला उठवू नका, चक्कर येईल."

"दहा पावलं तर आहे," निकिता म्हणाली. मी तोवर पाय खाली सोडले होते.

लॅबच्या आत जायला मनाई होती, पण आतल्या सूक्ष्मदर्शकाला जोडलेला एक पडदा बाहेरच्या छोट्या खोलीत होता. निकिता आत गेली आणि काचेपलीकडून बोलू लागली. पडदा उजळला.

मी हजारो अंडी पाहिली होती. माझी पाहिली नव्हती. काचेच्या जाड कड्यासारखं वलय, आत साखरेच्या पाकासारखा तलम गोळा, आणि वलयाला चिकटून एक बारीकसा कण, हनुवटीवरच्या तिळाएवढा. मी खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ बसले. कुणी मला तासभर तिथे बसू दिलं असतं तर मी बसले असते.

"ही चार," निकिता म्हणाली. "मघाशीच आत शुक्राणू सोडून झाला. तो कण दिसतो ना कडेला?"

"दिसतो. तो बाहेर पडला की अंडं तयार."

"बरोबर. चारही मस्त आहेत. आता तुमची दाखवते."

पडदा काळा झाला, पुन्हा उजळला. दोन गोळे शेजारी शेजारी होते. वलय तसंच होतं. कडेला कण नव्हता. दोघांच्याही पोटात एकेक फिकट फुगा होता आणि फुग्यात एक ठिपका.

माशाच्या अंड्यात हा फुगा सहज दिसत नाही. एका द्रावणात अंडी ठेवली की ती पारदर्शक होतात आणि मग फुगा कुठे आहे ते कळतं. फुगा दिसेनासा झाला असेल तर अंडं पिकलेलं. फुगा शाबूत असेल तर कच्चं. कच्ची अंडी आम्ही चिमट्याने बाजूला काढत असू. मोजणीत ती धरत नसू.

"ही कुणी निवडली?" मी विचारलं.

"कुणी म्हणजे?" काचेपलीकडे तिचा आवाज बारीक येत होता. "अंडी साफ करून झाल्यावर मी बाहेर येऊन सांगितलं, चार तयार आहेत, दोन कच्ची. तुमच्या ताईंनी विचारलं, कच्चीचा आम्हाला उपयोग आहे का? म्हटलं, आज तरी नाही. तर त्या म्हणाल्या, मग ती दोन शर्वरीची." ती जरा थांबली. "तुमचं आपसात ठरलंय म्हणाल्या. तुम्हाला माहितीये म्हणाल्या."

पडद्यावरचे फुगे जराही हलत नव्हते.

"हो," मी म्हणाले. "ठरलंय आमचं."

"रात्रभर ठेवून बघते मी. कधीकधी सकाळपर्यंत तयार होतात. झाली तर लगेच गोठवते."

"कितीदा होतात?"

"इथे रोज थोडीच मोजतो आम्ही. पण झालेली पाहिलीत मी." काचेआडून तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि पडदा बंद केला. "तुम्ही पडा आता जाऊन. पांढऱ्या दिसताय."

मी खोलीत आले तेव्हा मावशी आल्या होत्या. स्टीलच्या ताटात तांदूळ, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याचा तुकडा आणि मोरपंखी रंगाचा खण. नर्स काही बोलेल म्हणून त्यांनी दार लोटून घेतलं होतं.

"बस पलंगावर. ओढणी पुढे धर."

मी ओढणी दोन्ही हातांनी पसरली. त्यांनी कुंकू लावलं, खण ठेवला, सुपारी ठेवली आणि ओंजळीने पाच वेळा तांदूळ घातले. वजन थोडंच होतं, पण पोटाला लागत होतं. ताई खिडकीशी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं.

"आता परत टाक ताटात," मावशी म्हणाल्या.

मी एका हाताने ओढणी सावरून दुसऱ्या हाताची बोटं तांदळांतून फिरवली. फिरवत राहिले.

"काय शोधतेस?"

"तुकडा."

"नाही सापडायचा. डोळे फोडून निवडलेत मी." त्या खूश झाल्या होत्या. "टाक, टाक. सगळं उचलून न्यायचं नाही. देणारीचं घर रिकामं होतं."

"किती टाकू, ताई?" मी विचारलं.

"शरू," ताई म्हणाली.

"सांग ना. किती टाकू?"

"त्यात विचारायचं काय?" मावशी हसल्या. "चिमूटभर टाकायचे. परतीचे दाणे कोण मोजून देतं?"

मी चिमूटभर टाकले. सगळे अख्खे होते.

मावशी दाजींना हाक मारायला खाली गेल्या, तेव्हा खोलीत आम्ही दोघीच उरलो. ओटीची गाठ माझ्या मांडीवर होती.

"निकिताने दाखवलं," मी म्हणाले.

"तू उठलीस तेव्हाच वाटलं होतं मला."

"कच्ची आहेत हे तुला माहीत होतं."

"होतं."

ती नाही म्हणेल, निदान मला नीट कळलं नव्हतं म्हणेल, अशी मी वाट बघत होते. तिने तसं काही केलं नाही.

"दोन तयार तुला, दोन मला, असं झालं असतं," मी म्हणाले.

"दोनात काय होतं, शरू? चारात निदान काहीतरी लागेल म्हणाल्या मॅडम. दोन घेऊन मी काय करणार होते?"

"मग कच्च्या दोनांत मी काय करू?"

"तुझ्याकडे अजून चार-सहा वर्षं आहेत. लग्न होईल. आपोआप होईल तुला. माझ्याकडे आजचा दिवस होता."

चारच वर्षं होती. पण हे त्या खोलीत दोघींनाही माहीत नव्हतं.

"आधी तुझे काढू म्हणाली होतीस."

"म्हणाले होते." ती माझ्या शेजारी येऊन बसली, पण अंतर ठेवून, बसमध्ये अनोळखी बाईशेजारी बसावं तशी. "तू सारखी आकडा मागत होतीस ना, रसवंतीत, गच्चीवर. मी देत नव्हते. आकडा दिला असता तर मला पाळावा लागला असता."

"म्हणजे तेव्हापासूनच."

"तेव्हापासून." मग हळूच म्हणाली, "चारही पाहिलीस का? कशी आहेत?"

मी तिच्याकडे बघितलं. ती खरंच विचारत होती. तिला ती चार कुणी दाखवली नव्हती, आणि दाखवली असती तरी तिला काय बघायचं ते कळलं नसतं. तिचे डोळे आईच्या डोळ्यांसारखे, आणि नाक माझं.

"चांगली आहेत," मी म्हणाले. "चारही."

दार ढकलून दाजी आत आले. त्यांनी माझी पिशवी घेतली, ओटीची गाठही उचलली आणि माझ्या कानामागे बघत म्हणाले, "चला. सावकाश उतरा, पायऱ्या उंच आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी ओटीच्या तांदळांची खीर केली. ओटीचे तांदूळ जिचे तिनेच खायचे असतात, म्हणून माझ्यापुरतीच, एक वाटी. मी ती जेवणाच्या टेबलाशी बसून खात होते. ताई समोर बसली होती. तिच्यापुढे काही नव्हतं. टेबलावर मधोमध तिचा फोन होता.

"गोड झालीय का?" मावशींनी विचारलं.

"झालीय."

"मग हळूहळू काय खातेस?"

फोन वाजला. ताईने उचलला, कानाला लावला, आणि मी तिच्या चेहऱ्याकडे न बघता वाटीकडे बघत राहिले. ती "हो" म्हणाली, पुन्हा "हो" म्हणाली. मग फोन छातीशी धरून दारात उभ्या दाजींकडे वळली. "चारातली तीन फळली."

दाजी खुर्चीवर बसले. मावशींनी देवापुढे साखर ठेवायला म्हणून डबा काढला, आणि झाकण लागेना म्हणून तसाच उघडा हातात धरून उभ्या राहिल्या. ताईच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. तिचं मूल व्हावं असं मला आदल्या दुपारीही वाटत होतं, तेव्हाही वाटत होतं. त्यात काही बदललं नव्हतं.

"तुला देऊ?" ती म्हणाली. "निकिता तुझ्याशी बोलायचंय म्हणतेय."

मी चमचा वाटीत ठेवला, हात ओढणीला पुसला आणि फोन घेतला.

"शर्वरी," निकिता म्हणाली, "तुमची आत्ताच बघितली. एकदा बघून परत बघितली."

"सांगा."

तिने सांगितलं. मी धन्यवाद म्हणाले आणि फोन ताईला परत दिला.

ताईची, चारपैकी तीन. माझी, दोनपैकी शून्य.